तुम्ही विचारलंत म्हणून: मी जेवायला का थांबत नाही

कार्यक्रम कुठलाही असो, मी येतो, सगळ्यांना भेटतो आणि जेवणं सुरू व्हायच्या बेताला निघतो. मग तुम्ही विचारता, "जेवायला का थांबत नाही? राग आहे का आमच्यावर?" राग नाही. शिष्टपणा तर मुळीच नाही. माझा हात थरथरतो.

हा कंपवात नाही. कंपवातात बहुधा हात स्वस्थ असताना थरथरतो. माझा मांडीवर ठेवलेला असला की शांत असतो. चमचा उचलून तोंडाजवळ नेला की थरथर वाढते. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा हात हलतो. पुष्कळदा हा आनुवंशिक असतो. माझ्या वडिलांनाही होता. प्रोप्रानोलॉल नावाच्या औषधाने काहींना उतार पडतो, मला थोडासा पडला. घाबरल्यामुळे हे होत नाही, पण कुणी टक लावून बघितलं की वाढतं. दारूचा काही संबंध नाही, हेही एकदा लिहून टाकतो.

एका घरी आम्ही जेवायला गेलो होतो. टेबलाभोवती बरीच मंडळी. ग्लास काठोकाठ भरलेला. मी तो दोन्ही हातांनी धरला, कोपरं टेबलावर टेकवली आणि मान खाली नेली. हे मला जमतं, वेळ लागतो इतकंच. तेवढ्यात यजमानीणबाई उठून आल्या, "थांबा, मी धरते" म्हणाल्या आणि ग्लास माझ्या हातातून काढून ओठांना लावला. गप्पा थांबल्या. मी एक घोट घेतला. थोडं पाणी हनुवटीवर ओघळलं, ते त्यांनी रुमालाने टिपलं. त्यांच्या हातात काडीचाही आकस नव्हता, म्हणून तर मला काही बोलता येईना. मी "थँक्यू" म्हणालो. त्यानंतर जेवण संपेपर्यंत त्या माझ्याबद्दलचं सगळं माझ्या बायकोला विचारत राहिल्या. "यांना वाढू का? यांना तिखट चालतं का?" मी दोघींच्या मधेच बसलो होतो. माझा हात थरथरतो; माझी वाचा गेलेली नाही.

पूर्वी मी सगळ्यांना ठासून सांगायचो, की माझ्याकडे बघूच नका, तीच खरी सभ्यता. इरॅस्मस या डच विद्वानाने १५३० मध्ये मुलांच्या वागणुकीवर एक छोटं लॅटिन पुस्तक लिहिलं. स्वतः चुकू नये आणि दुसऱ्याच्या चुका सहज पोटात घालाव्यात, यातच सौजन्याचा मोठा भाग आहे, असं त्याने शेवटी म्हटलंय. मला ते फार पटलं होतं. आता त्यातलं एक खटकतं. माझं सांडणं ही चूकच नाही, तर तुम्ही पोटात काय घालणार? आणि सगळं टेबल ठरवून नजर चुकवतं, तेव्हा ते मला कळत नाही असं समजू नका. दहा माणसं एकदम भिंतीकडे बघायला लागली की चमचा आणखी जड होतो.

मग बघावं की बघू नये? माझ्याकडे याचं एक उत्तर नाही. एखाद्या दिवशी कुणी सरळ "ग्लास अर्धाच भरू का?" विचारलं की बरं वाटतं. एखाद्या दिवशी तेवढंही नको होतं. तुम्ही कसं ओळखायचं, ही अडचण मला कळते. पण तिचा सगळा भार जेवणाऱ्यावरच का? कसं जेवावं याचे नियम आपण मुलांना पाठ करून घेतो. दुसऱ्याच्या ताटाला आणि अंगाला न विचारता हात लावू नये, हे त्यांत कितीसं येतं?

एकट्याने जेवण्यात मला सुख नाही. वजनदार चमचा मी माझा आणतो, त्याने हात थोडा स्थिर राहतो. अर्धा भरलेला ग्लास, एक स्ट्रॉ आणि घाई नसलेली माणसं, एवढं पुरतं. बोलावणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि मलाच विचारा. मी जेवायला थांबेनच, असा शब्द मात्र आज देत नाही.