सावदा ते पुणे: लेकीचा डेस्कटॉप कसा नेला

दोन वर्षांपूर्वी हाच कॉम्प्युटर पुण्याहून सावद्याला ट्रान्सपोर्टने आला होता. खोक्यावर ओरखडासुद्धा नव्हता, पण आत ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा जड भाग) आपली खाच म्हणजे स्लॉट उपटून तळाशी पडलेलं. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड, नवा घ्यावा लागला. म्हणून या मे महिन्यात लेकीसाठी तो पुन्हा पुण्याला न्यायचं ठरलं, तेव्हा दोन दिवस आधीच पॅकिंगला बसलो.

माझा मामेभाऊ केळीचे खोके भरतो. फण्यांच्या मधे फोमचे पातळ कागद घालता घालता तो म्हणाला, "खोकं हलवून बघ भो. आत वाजलं की माल मार खाणार." कॉम्प्युटरचंही तेच आहे. आत जे जड आणि लटकतं आहे, ते आधी बाहेर काढा.

डेटाचा बॅकअप घेतला, वायरींचे फोटो काढले. ग्राफिक्स कार्डाचे स्क्रू काढून स्लॉटच्या टोकाची प्लॅस्टिकची खिटी दाबली, मग कार्ड सरळ वर ओढलं. खिटी न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो. कार्ड अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत घालून माझ्या सॅकमध्ये ठेवलं, डेटा साठवणारी एसएसडीही तिथेच.

सगळ्यात जास्त वेळ कूलरने खाल्ला. प्रोसेसर थंड ठेवणारा आमचा उंच टॉवर कूलर जवळपास किलोभराचा. तो प्रोसेसरला थर्मल पेस्टने चिकटलेला असतो. प्रोसेसर एएम४ सॉकेटचा, म्हणजे खालच्या पिना बोर्डाच्या भोकांत बसणारा, त्यामुळे थंड असताना कूलर ओढला तर प्रोसेसरही पिनांसकट उपटून येऊ शकतो. आधी मशीन अर्धा तास चालवून पेस्ट मऊ होऊ दिली, मग बंद करून प्लग काढला, स्क्रू सैल केले आणि कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवला. परत बसवताना नवी थर्मल पेस्ट लागते, ट्यूब सोबत घ्या. कूलर लहान असेल तर काढू नका.

काचेचं दार वेगळं बांधलं. टफन काच कडेवरच्या फटक्याने फुटते, म्हणून चारी कडांना पुठ्ठा. कॅबिनेटभोवती चारही बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर फोम, आणि हे सगळं दुसऱ्या मोठ्या खोक्यात. थर्मोकोलचे मणी मात्र वापरू नका. ते पंख्यात शिरतात, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात स्टॅटिकही धरतात. शेवटी खोकं हलवून पाहिलं. काहीच वाजलं नाही.

कॅबिनेट आणि मॉनिटर भुसावळहून ट्रान्सपोर्टने टाकले. जुन्या घरगुती वापराच्या सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. तरी "स्वतःच्या वापराचे, विक्रीसाठी नाही" असं पत्र सही करून दिलं. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) खरी किंमत लिहा, आणि मालाचा विमा आहे का हे तिथेच विचारा.

मी स्वतः महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो. स्लीपरला चाळीस किलो सामान मोफत नेता येतं, पण सॅक उशाशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी गोडाऊनमधून माल उचलला. तिथल्या माणसासमोर व्हिडिओ काढत खोकं उघडलं, मगच सही केली. खोलीवर कूलर, कार्ड, एसएसडी बसवून बटण दाबलं तर पंखे फिरले, पडदा काळाच. माझ्या पोटात गोळा. बंद करून पाहिलं तर रॅमची (मेमरीची) एक पट्टी प्रवासात अर्धी उचकली होती. दाबून बसवली आणि मशीन सुरू झालं. तुम्ही मात्र रॅम आणि वायरी चालू करण्याआधीच दाबून बघा.

दोन्ही खोकी आणि फोम घडी करून लेकीच्या कॉटखाली ठेवून आलोय. परतीला तेच लागणार आहे.