नुसती बसते कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर हा प्रश्न मी 22 वर्षं ऐकतोय आणि निम्म्या वेळा हसून टाळलाय. पालकसभा संपली की एखादे वडील मागे रेंगाळतात. "सर, पोरगी खो-खोच्या संघात आहे म्हणून मॅच बघायला आलो. ती तर नुसती बसलेली! पळणाऱ्या पळतात, गडी मारणारीचं नाव होतं. हिला यातून काय मिळतं?"

काहींच्या मनात मार्क असतात, ते आधी उरकतो. वरच्या पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त 25. प्रमाणपत्र बसणारीलाही तेच मिळतं. एवढ्यावर समाधान झालं तर पुढचं वाचू नका.

आता बसण्याबद्दल. आक्रमणाला नऊ जणी उतरतात. त्यातल्या आठ दोन खांबांना जोडणाऱ्या मधल्या पाटीवरच्या, म्हणजे पट्ट्यावरच्या, चौकोनांत बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. उभी एकटीच. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारीला असलं कसलंच बंधन नाही, ती दोघींच्या मधून सटकन पलीकडे जाते. म्हणजे नियमच असा केलाय की एकटीने कोणाला पकडताच येऊ नये. पलीकडे तोंड करून बसलेलीला मागून खो द्यायचा, तिने उठायचं आणि देणारीने तिच्या जागेवर बसायचं. कितीही चपळ पोरगी असो, दहा पावलांत तिला आपलं पळणं दुसरीला देऊन खाली बसावंच लागतं.

आणि बसणं म्हणजे बाकावर बसणं नव्हे. चवडे रोवलेले, बोटं मातीला टेकलेली, नजर समोरच्या पळणारीवर. मागून येणारी आपली मैत्रीण दिसत नाही. पाठीवर हात पडला आणि कानावर "खो" आला की मगच उठायचं. हात पडला पण आवाज नाही, तर उठायचं नाही. आवाज शेजारणीसाठी होता आणि तुम्ही उठलात, तर फाऊल. पळणारी हातभर अंतरावरून हूल देऊन जाते, मैदानाबाहेरून सगळी शाळा "ऊठ, ऊठ" ओरडते, आणि तेरा वर्षांच्या मुलीने तिथे गप्प बसून राहायचं. मला तरी त्या वयात जमलं नसतं.

आमच्याकडे एक मुलगी होती. अंगाने जाड, पळण्यात सगळ्यात मागे. तिला मी चौथ्या चौकोनात बसवायचो, कारण ती फसायची नाही. तालुक्याच्या फायनलला शेवटच्या मिनिटाला एक गडी हवा होता. मागून हात पडला, पण धापेमुळे देणारीच्या तोंडून आवाजच फुटला नाही. आमची ही ढिम्म. पुन्हा हात पडला, या वेळी "खो" सुद्धा आला. ती उठली, दोन पावलं टाकली, आपल्याच्याने होणार नाही हे ओळखून पुढचीला खो देऊन बसली. त्या पुढचीने सूर मारून गडी टिपला. गुणपत्रकात नाव सूर मारणारीचं. चौथ्या चौकोनातलीच्या नावापुढे काही नाही. तिच्या पाठीवर मात्र धुळीचे दोन पंजे होते, एकावर एक.

सगळं असंच गोड असतं असं नाही. संघभावना वगैरे शब्द आम्ही अहवालात लिहितो. मैदानात पोरी भांडतात, अबोला धरतात, डबा वेगळा खातात. एका वर्षी दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. एका सामन्यात पळणारी पलीकडे गेली, खो द्यायला सगळ्यात जवळ नेमकी ती न बोलणारी. तर आमची बाई तिला टाळून दोन चौकोन पुढे गेली आणि लाडक्या मैत्रिणीला खो दिला. तेवढ्यात पळणारी खांबाजवळ. सामना गेला. मी ओरडलो नाही. दुसऱ्या दिवसापासून सरावात दोघींना शेजारशेजारच्या चौकोनांत बसवायला लागलो, म्हणजे एकमेकींना खो दिल्याशिवाय गत्यंतर नाही. मैत्री पुन्हा झाली का? नाही झाली. खो मात्र वेळेवर पडायला लागला.

भाषेने या खेळावर जरा अन्यायच केलाय. कामात खो घातला म्हणजे मोडता घातला. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली की आपण म्हणतो खो-खो चाललाय. अहो, खो-खोत खो मिळालेली उठून पळते! टेबलावरचा माणूस कुठे उठतो?

नाव होणाऱ्याही याच मातीतून निघतात, हे सांगायला हवं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी आलेली माणदेशातली ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही मराठी, आणि दोन्ही चषक भारताकडे. त्या आठवड्यात माझ्याकडे संघात घ्या म्हणून रांग लागली. सगळ्यांना पळायचं होतं. आणि पी.टी.चा तास? तो गणिताने खाल्लेलाच होता, सराव सकाळी साडेसहाला.

मागच्या पावसाळ्यानंतर असेच एक वडील आले, हाच प्रश्न घेऊन. म्हटलं, दादा, चप्पल काढा आणि लेकीच्या चौकोनात बसा. चौदा वर्षांखालच्या गटात आक्रमणाची पाळी 7 मिनिटांचीच असते. बिचारे बसले. पोरींनी त्यांच्यावरून अशा काही हुली दिल्या की विचारू नका. तिसऱ्या मिनिटाला मांडीत गोळा आला, चौथ्याला शेजारणीच्या नावाचा खो झाला आणि हे धडपडत उभे.

मी शिट्टी तोंडाला नेतोय तोवर पलीकडच्या खांबाजवळून लेक ओरडली, "पप्पा, फाऊल! बसा खाली!"

बसले.