सड्यावरचं करवंद आणि वहाळातलं करवंद

यंदा मे महिन्यात राजापूरकडच्या आमच्या गावी तीन आठवडे राहायला मिळालं आणि त्यातले निदान आठ-दहा दिवस माझे करवंदांच्या मागेच गेले. झालं असं की आईचं हिमोग्लोबिन कमी आलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि दुसऱ्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर मेसेज येऊन पडला की 100 ग्रॅम करवंदात 39 मिलिग्राम लोह असतं, रोज वाटीभर खा, गोळ्यांची गरज नाही. सगळ्यांनी अंगठे दिले. मला ते काही पटेना म्हणून शोधत बसले.

तर तो 39 चा आकडा खोटा नाहीये, पण तो वाळलेल्या करवंदाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत ताजं करवंद आणि सुकं करवंद अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत, ताज्याला 100 ग्रॅममागे 42 कॅलरी आणि सुक्याला 364, म्हणजे फळ तेच, फक्त पाणी उडून गेल्यावर सगळं एकवटलेलं. शिवाय सुकवताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं, आणि झाडपाल्यातलं लोह अंगी लागायला तेच तर हवं असतं. आईच्या गोळ्या चालूच ठेवल्या. करवंदं जेवणासोबत द्यायची असं ठरवलं.

आणि मग आते म्हणाली, "देतेयस तर सड्यावरची दे गो, वहाळातली नको. ती पाणचट."

आतेचं वय 74, आयुष्य त्याच वाडीत गेलेलं. मी विचारलं पाणचट म्हणजे चवीला ना, तर म्हणाली चवीला, रंगाला, सगळ्यालाच. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण आपण करवंदात अमुक इतकं लोह, जांभळात तमुक इतकं हे, असं बोलतो जणू काही सगळी करवंदं एकाच साच्यातून पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन डबे घेऊन निघाले. सडा म्हणजे आमच्या घरामागचा कातळ, जांभ्याचा नुसता उघडा माळ, माती असेल तर बोटभर, झाड म्हणाल तर नाहीच, मधेमधे करवंदीच्या जाळ्या आणि वर डोकं भाजणारं ऊन. वहाळ म्हणजे खालचा ओढा, तिथे आंबा फणस ऐन किंजळ यांची गर्द सावली आणि मार्चपर्यंत ओलावा. दोन्हीकडची पिकलेली काळी करवंदं काढली, घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर 100-100 ग्रॅम मोजली. सड्यावरची बारीक असल्यामुळे तेवढ्याच वजनात डझनभर जास्त बसली. मग दोन्ही कुस्करून सारख्याच मापाच्या पाण्यात घालून काचेच्या ग्लासांत ओतली. वहाळाकडचा ग्लास गुलाबी, सरबतासारखा, आणि सड्यावरचा इतका गर्द की पलीकडची खिडकी दिसत नव्हती.

लहानपणी आपण करवंद खायच्या आधी विचारायचो ना, कोंबडा की कोंबडी? चावल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. जांभूळ, रातांबा म्हणजे कोकमाचं फळ, त्याचा रस म्हणजे आगळ, सगळ्यांचा रंग त्याच कुटुंबातला. झाड हा रंग फुकट बनवत नाही, त्याला साखर खर्चावी लागते, आणि ती खर्च करायला ऊन हे मोठं कारण असतं. कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून साल वाचवायला झाड असली द्रव्यं जास्त बनवतं, पाणी कमी पडलं तरी बनवतं, मातीत नत्र म्हणजे नायट्रोजन कमी असलं तरी बनवतं. आमच्या कातळावर या तिन्ही गोष्टी एकदम आहेत. क जीवनसत्त्वाचंही साधारण तसंच, फळावर उजेड जितका चांगला तितकं ते जास्त. आणि रंग सगळ्यात जास्त सालीत असतो, त्यामुळे फळ बारीक म्हणजे तेवढ्याच वजनात साल जास्त आणि रंगही जास्त. भरपूर पाणी मिळालेलं फळ फुगतं, वजन वाढतं, पण आतला ऐवज त्या प्रमाणात वाढत नाही. आते म्हणते तो पाणचट शब्द म्हणजे नेमकं हेच, मला तर याहून चांगला शब्द सुचत नाही.

पण एक शंका राहिली. सड्यावरची जात वेगळी आणि वहाळातली वेगळी असेल तर? करवंदी बहुतेक बियांपासून येते, त्यामुळे जाळीजाळीत फरक असतोच, काही जाळ्या कायम कोंबडीच देतात हे वाडीतल्या पोरांनाही माहीत आहे. बाहेरच्या देशातही हाच घोळ आहे, फिनलंडमध्ये रानातल्या बिलबेरीवर बरंच काम झालंय, तिथे उत्तरेकडच्या फळांत दक्षिणेपेक्षा रंगद्रव्य जास्त मिळालं, उन्हाळ्यातले लांबच लांब दिवस आणि थंड हवा हे कारण आहेच पण उत्तरेकडच्या झाडांचा वाणही थोडा वेगळा, दोन्ही मिळून ते होतं.

म्हणून मी गडग्याजवळची, म्हणजे दगडी कुंपणाजवळची, एक जाळी निवडली, जिची अर्धी बाजू दिवसभर उन्हात आणि अर्धी फणसाखाली. झाड एकच, मुळं एकच, माती एकच. परत दोन ग्लास. फरक पहिल्याइतका नव्हता, पण होता, आईला न सांगता ग्लास दाखवले तर तिने उन्हाचा बरोबर ओळखला.

आता मातीबद्दल, कारण हे मला गावात चारजणांनी सांगितलं की आपली माती तांबडी, लोखंडाची, म्हणून आपल्या करवंदात लोह. जांभा लाल आहे तो लोहाच्या गंजामुळेच, हे खरं. पण गंजाच्या रूपातलं लोह झाडाला सरळ उचलता येत नाही, मुळाशी आम्लता असेल तर त्यातलं थोडं विरघळतं. उलट हेच लोह स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, धरून ठेवतं आणि झाडाला स्फुरद मिळू देत नाही. म्हणजे तांबड्या मातीतून करवंदाला जे मिळतं ते लोखंडापेक्षा उपासमार जास्त, आणि त्या उपासमारीतूनच रंग आणि चव येते असं मला वाटायला लागलंय.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण बोल्ड नावाची मोठ्या फळाची करवंदाची जात दिलीय, लोणच्याला आणि मुरंब्याला ती सोयीची आहे आणि लावणाऱ्यांनी जरूर लावावी. पण तिला ठिबक, खत आणि सावली देऊन वाढवायचं आणि वर रानमेव्याचा गुण सांगून विकायचं, हे बरोबर नाही. आणि मला खरं वाईट वाटतं ते सड्याचं. आमच्या बाजूला दोन सडे गेल्या काही वर्षांत जेसीबीने साफ झाले, कलमं लावायला, प्लॉट पाडायला, राहिलेल्यावर फाल्गुनात वणवा लागतो आणि करवंदीचा मोहोर नेमका तेव्हाच असतो. उरतात त्या वहाळाकडच्या जाळ्या.

काढायची वेळ हाही मोठा भाग. तांबूस असताना तोडलं तर आंबट आणि चिकाळ, लोणच्याला ठीक, पण रंग भरतो तो शेवटच्या काही दिवसांत, हात लावताच देठ सोडतं तेव्हा. हायवेला द्रोणातून विकणाऱ्या बायकांना मी आता थेट विचारते, कुठली? एकीने लगेच सांगितलं, वरच्या माळावरची, सकाळी काढलेली, आणि द्रोणातलं एक उचलून फोडून दाखवलं. आत लालभडक. तिला ग्लास-बिस काही लागला नाही.

निघायच्या दोन दिवस आधी वळीव पडला, चांगला तासभर. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सड्यावर गेले, त्याच जाळ्या, फळं टम्म फुगलेली, काहींची साल तडकलेली. कुस्करून पाण्यात घातली तर ग्लासातून खिडकी दिसायला लागली. रातांब्याचंही पावसात असंच होतं, फळ सडतं, साल वाळत नाही. आतेने ग्लास उजेडाकडे धरून बघितला, खाली ठेवला आणि म्हणाली, "पुरे आता. राहिली ती पाखरांना ठेव."