बाबांचं .३२ पिस्तूल वारसाने नावावर करताना: ९ एमएममध्ये बदलता येतं का?

आम्ही ग्वाल्हेरचे, लश्कर भागातले. बाबा गेल्यावर त्यांचं .३२ चं पिस्तूल, अशनी, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, आईने लगेच लायसन्सवाल्या डीलरकडे डिपॉझिट केलं, कारण लायसन्सधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, वारस असला तरी. मग अर्ज, वारसांची संमतीपत्रं, पोलीस थान्याची चौकशी, कलेक्ट्रेट, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. हे सगळं सावकाश पण नीट झालं, ते जास्त सांगत बसत नाही.

खरा मुद्दा मधेच निघाला. आतेभाऊ म्हणाला, अरे लायसन्स होतंयच तर एखाद्या मिस्त्रीकडून नळी बदलून ९ एमएम करून घे ना, .३२ मध्ये दम नाही. इकडे चंबळच्या बाजूला असा सल्ला देणारे खूप भेटतात आणि ते मनापासून देतात, म्हणून मी डीलरकडच्या जुन्या आर्मोरर (हत्यारं दुरुस्त करणारे) काकांना सरळच विचारलं.

काकांनी आधी दोन काडतुसं शेजारी ठेवली. .३२ ची गोळी जाडीला साधारण ७.९ मिमी, ९ एमएमची ९ मिमी, त्यात ९ एमएमचं केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, लांब पण आणि जाड पण, म्हणजे जुनीच नळी कोरली तर चेंबरची (नळीत काडतूस बसतं ती जागा) भिंत तेवढी पातळ होणार. पण काका म्हणाले नळी ही छोटी गोष्ट, प्रेशर बघ. .३२ ची कमाल मर्यादा २०,५०० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) आणि ९ एमएमची ३५,०००. आणि .३२ च्या अशा पिस्तुलात नळी लॉक होतच नाही, गोळी सुटेपर्यंत मागचं तोंड फक्त स्लाइडचं (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) वजन आणि स्प्रिंग दाबून धरतात. ९ एमएमची बहुतेक पिस्तुलं लॉक होतात ती ह्याचसाठी. नळी नवी घातली तरी ते स्लाइड लवकर उघडणार, केस अजून प्रेशरमध्ये असतानाच बाहेर येऊन फाटणार, आणि तो गॅस चालवणाऱ्याच्या हातावर नि तोंडावर.

मी विचारलं, मग बाहेरच्या देशात काडतुसाचं माप बदलायची किट मिळतात त्यांचं काय? तर ती कंपनीनेच त्या मॉडेलसाठी बनवलेली असतात, जसं सीझेड ७५ पिस्तुलाचं .२२ चं कॅडेट किट, त्यात स्लाइड, नळी, मॅगझीन सगळं वेगळं येतं आणि तेही कमी ताकदीच्या काडतुसाकडे जातं. वॉल्थर पीपी हे पिस्तूल .३२ आणि .३८० दोन्हीत यायचं, पण .३८० चं प्रेशर .३२ च्या जवळपासच, २१,५००, आणि ते फॅक्टरीतूनच तसं निघायचं, दुकानात बदलून नाही.

कायद्याचं तर त्याहून सरळ आहे. ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं नळीचं माप, आपल्या लायसन्सवर ते येतच नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ त्या कामाचं लायसन्स नसताना हत्यार ‘कन्व्हर्ट’ करायलाही मनाई करतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. आणि लायसन्सवर बोअर, नंबर सगळं लिहिलेलं असतं, निवडणुकीत थान्यात जमा करताना पहिलं तेच तपासतात.

आतेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं, प्रेशरचे आकडे ऐकल्यावर तो गप्प झाला. काकांनी पिस्तूल खोलून साफ केलं, स्प्रिंग तपासली, पावती दिली. आता लायसन्स माझ्या नावावर आहे, बोअर .३२ च.