फेब्रुवारीचे शंभर रुपये

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी एकोणीस वर्षे हजेरी आणि पगाराचे काम पाहतो. खिडकीशी येणारे प्रश्न वर्षभर ठरलेले असतात: पंच उमटला नाही, ओव्हरटाइमचे दोन तास कमी धरले, नाइट शिफ्टची हजेरी कोणत्या तारखेला लागली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेब्रुवारीची पगारस्लिप हाती पडली, की मात्र एकच प्रश्न रांगेने येतो, "साहेब, पीटीचे शंभर जास्त का कापले?"

उत्तर मला पाठ आहे. पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, अर्थात व्यवसाय कर; तो वर्षाला २,५०० रुपयांच्या वर घेता येत नाही, ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदातच घातलेली आहे. अकरा महिने २०० रुपयांप्रमाणे २,२०० होतात आणि उरलेले ३०० फेब्रुवारीच्या वाट्याला येतात. हिशेब बिनचूक आहे. पण ज्याचा पगार रोजावर आहे त्याचे दिवस याच महिन्यात सर्वांत कमी भरतात आणि कपातही याच महिन्यात सर्वांत जास्त होते, हे त्याला कसे गोड लागावे? या कराच्या दरांचा तक्ता करणाऱ्याने कधी रोजंदारीची हजेरी मांडली नसावी, असे माझे खासगी मत आहे. महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून हा कर माफ झाल्यामुळे पॅकिंगमधल्या बायका आता या रांगेत नसतात.

यंदा रांगेत सिन्नरकडचे एक जुने फिटर होते, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो. त्यांना मी सहज सांगितले, की महाराष्ट्रात हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला लावला गेला. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांची आई त्याच योजनेच्या रस्त्यावर खडी फोडायला जात असे, आणि एकदा मुकादमाने तिचे दोन खाडे जास्त मांडले तेव्हा लहानग्या मामांचा हात धरून ती मस्टर बघायला गेली होती. वाचता दोघांनाही येत नव्हते. "तेव्हा खिडकी कुठली साहेब, बाभळीखाली बसायचा तो," मामा म्हणाले.

शंभर रुपयांचा विषय तिथेच राहिला. स्लिप खिडकीतून पुन्हा आत सरकवत ते म्हणाले, "पीटीचं असू द्या. नऊ तारखेला मी नाइटला होतो, खाडा कसा लागला ते आधी बघा."