लंगडणाऱ्या पिल्लांना कॅल्शियम पाजण्याआधी

कोंबडीची पिल्लं लंगडायला लागली की पहिला हात कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो. त्याआधी पिल्लू उचला, पाय नीट बघा.

बोटं मुठीसारखी आत वळलेली, पिल्लू घोट्यांवर टेकून सरकतंय, पण डोळे तरतरीत? ही बी-2 जीवनसत्त्वाची कमतरता. यात पायाची नस (मज्जातंतू) सुजते, हाडाचं काही बिघडलेलं नसतं. किलोभर खाद्यात किमान 3.6 मिलिग्रॅम बी-2 लागतं. लवकर दिलं तर पिल्लं उभी राहतात. बोटं जुनी वळलेली असतील तर सरळ होत नाहीत.

घोटा सुजून चपटा झालाय आणि खालचा पाय बाहेर फिरलाय, तर घोट्याच्या मागून अंगठा फिरवा. निरोगी पायात शीर (स्नायू हाडाला जोडणारा कंडरा) खोबणीत दोरीसारखी लागते. इथे ती बाजूला घसरलेली असते. हा पेरोसिस. मँगनीज, कोलीन किंवा बायोटिन कमी पडलं की नडगी आखूड, जाड होते आणि शीर निसटते. किलोमागे मँगनीज 60 आणि कोलीन 1300 मिलिग्रॅम तरी हवं. घसरलेली शीर औषधाने जागेवर येत नाही, खाद्य सुधारायचं ते बाकीच्या पिल्लांसाठी. आणि इथेच ती बाटली नडते: कॅल्शियम-फॉस्फरस जास्त झालं की मँगनीज अंगी लागत नाही.

मुडदूस ओळखायला चोच दाबा, रबरासारखी वाकते. मेलेल्या पिल्लाची नडगी मोडून पाहा. कट्‌कन तुटायच्या ऐवजी लवते, फासळ्यांच्या टोकांना मणी आलेले दिसतात. डी-3 जीवनसत्त्व, फॉस्फरस, कॅल्शियम, यातलं काहीही कमी असू शकतं. सुरुवातीच्या खाद्यात कॅल्शियम 1 टक्क्याच्या आसपास आणि उपलब्ध फॉस्फरस त्याच्या निम्मा. ‘उपलब्ध’ हा शब्द विसरू नका! धान्यातला दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये, म्हणजे पिल्लाला नीट न पचणाऱ्या रूपात, अडकलेला असतो, तो हिशेबात धरला की फॉर्म्युला कागदावरच बरोबर राहतो.

चोच घट्ट, तरी ब्रॉयलर अडखळतोय? नडगीचं वरचं टोक उभं कापा. पांढऱ्या कूर्चेचा गोळा दिसला तर टीडी (टिबियल डिसकॉन्ड्रोप्लेसिया), म्हणजे कूर्चेचं हाड न होण्याचा विकार. कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस जास्त झालाय का, ते तपासा.

फॉर्म्युला बरोबर असूनही पाय वाकतात तेव्हा माझा संशय मिक्सिंगवर. टनाला 500 ग्रॅम जीवनसत्त्वांचं प्रिमिक्स (तयार मिश्रण) थेट मिक्सरमध्ये ओतलं तर काही पोत्यांत दुप्पट जातं, काहींत जवळपास नाहीच. आधी 5 किलो मक्याच्या भरड्यात कालवा, मग 25 किलोत, मग मिक्सरमध्ये. कोलीन क्लोराइड मात्र प्रिमिक्समध्ये मिसळून ठेवू नका. ते ओल ओढून घेतं आणि शेजारची जीवनसत्त्वं मारतं.