पाहुणे सण, घरचे सण

डिसेंबर आला की आमच्या घरात नाताळचं झाड उभं राहतं. मुलांना आवडतं, मलाही आवडतं. मागे आमच्या एका काकांनी विचारलं, "हे सगळं करत बसलात तर आपलं काय उरणार?" त्यांनी ते तळमळीने विचारलं होतं, म्हणून मीही मनावर घेतलं. माझं मत सांगते. बाहेरचा सण घरात आला म्हणून आपला सण जात नाही. आपल्या सणाचं काम पुढच्यांच्या हातात दिलं नाही, तर तो जातो.

हे मी आत्यावरून सांगते. आत्याला सणाची गाणी तोंडपाठ होती. साफसफाई करताना वेगळं, फुलं ओवताना वेगळं, रात्री सगळं आवरून बायका बसल्या की आणखी वेगळं. आत्या गेली आणि त्यातली बहुतेक गाणी तिच्याबरोबर गेली. तेव्हा आमच्याकडे कुठलं झाड नव्हतं की हॅलोविनचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेरचं काहीही न शिरता गाणी गेली, कारण आम्हा मुलांना कुणी ती म्हणायला बसवलं नाही. आम्ही नुसते ऐकणारे राहिलो.

आणि ज्या झाडाची काकांना धास्ती वाटते, तेही इंग्लंड-अमेरिकेत एकेकाळी उसनंच होतं. प्रथा जर्मन. १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं, आणि ते पाहून घरोघरी झाडं आली. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या एका मासिकाने तेच चित्र घेतलं, पण राणीचा मुकुट आणि अल्बर्टची मिशी काढून टाकली, म्हणजे ते कुटुंब अमेरिकी वाटावं! त्याआधी, १६५९ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती, मंडळींनी नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. १६८१ मध्ये तो कायदा रद्द झाला. आज तिथे नाताळची सुटी असते. मनाई करून माणसांच्या मनातून सण काढता येत नाही, हे मला यावरून पटतं.

जपानचं उदाहरण मला फार धीर देतं. तिथे ख्रिस्ती माणसं शंभरात एखादं, नाताळची सार्वजनिक सुटीही नाही. तरी रस्तोरस्ती दिवे लागतात, घरी स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा केक येतो, तरुण जोडपी ती संध्याकाळ एकत्र घालवतात. मात्र २५ तारीख उलटली की ही सजावट उतरते आणि दारांत पाइन व बांबूची कादोमात्सू, म्हणजे नववर्षाची सजावट, उभी राहतात. माणसं आईवडिलांकडे परततात. ३१ डिसेंबरच्या रात्री बौद्ध मंदिरांत १०८ वेळा घंटा वाजते. तो नववर्षाचा दिवससुद्धा १ जानेवारीला येतो तो उसन्या दिनदर्शिकेमुळे. जपानने ती १८७३ मध्ये स्वीकारली. तारीख बाहेरची, घंटा घरची. तिथल्या लोकांनी दोन्ही सणांना आपापली जागा दिली आणि ती एकमेकांत मिसळू दिली नाही. मला हेच हवं आहे.

उसनं घ्यायचं कसं, हे मी माझ्या एका इराणी मैत्रिणीकडून शिकले. नवरोज म्हणजे तिच्या घरी फक्त एक दिवस नसतो. आधीच ताटलीत गहू भिजत घालून अंकुर वाढवायचे, घर लख्ख करायचं, मग सात वस्तूंचं हफ्त-सीन मांडायचं, जवळ आरसा ठेवायचा. सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या नेमक्या क्षणी नवं वर्ष लागतं. तो क्षण पहाटे आला तरी सगळे उठून मांडणीभोवती बसतात. तेराव्या दिवशी घराबाहेर पडायचं आणि ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडायचे. तिने माझ्या मुलांना शेजारी बसवून गहू भिजवायला लावले. आता मुलं दरवर्षी ते करतात आणि का करायचं तेही सांगतात. मी फक्त फोटो पाहून ताटली मांडली असती, तर त्यांच्या हाती काहीच लागलं नसतं.

काही गोष्टी मात्र मी घरात आणत नाही. मेक्सिकोत मृतांच्या दिवशी माणसं थडगी साफ करतात, गेलेल्यांचे फोटो मांडतात, झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात. (झेंडू आपल्याला किती ओळखीचा, आणि तो मूळचा तिकडचाच!) मेक्सिको सिटीतली मोठी मिरवणूक २०१६ मध्ये, एका हेरपटातलं दृश्य गाजल्यावर सुरू झाली. तिथल्या लोकांनी ती आपलीशी केली, तो त्यांचा हक्क आहे. पण कुणाच्याही आठवणीशिवाय नुसता कवटीचा चेहरा रंगवून पार्टी करणं मला पटत नाही. तो दुसऱ्याचा शोक आहे.

आपल्या सणाचं म्हणाल, तर आमच्या घरात आता ठराविक कामं ठराविक मुलांची आहेत. थोरली यादी करते, धाकटा मांडणी करतो, चुकलं तर चुकू देते. आईला जेवढी गाणी आठवतात तेवढी फोनवर रेकॉर्ड करून ठेवली आहेत, पण तेवढ्यावर थांबत नाही. एक-एक कडवं मुलांकडून म्हणवून घेते. आणि एकाच आठवड्यात दोन सण आले, तर वेळ आणि पैसा आधी घरच्या सणाला. याबाबतीत मी ऐकत नाही.

परवा थोरलीने विचारलं, आपल्या सणाला वर्गातल्या मैत्रिणींना बोलवू का? म्हटलं, जरूर बोलव. फक्त त्यांना आदल्या दिवशीच यायला सांग, म्हणजे फुलं ओवताना आपलं ते एक गाणं त्यांनाही शिकवता येईल.